बेसबॉलचा स्विंग आणि गोल्फचा स्विंग: नवशिक्यांनी काय सोबत न्यावे आणि काय मागे ठेवावे

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत अनेकदा असे दिसते की, मूल लिटल लीगच्या (मुलांच्या बेसबॉल स्पर्धांच्या) संघात बॅट फिरवायला शिकत असते आणि त्याच सुमारास आई किंवा वडील सहकाऱ्यांच्या आग्रहाने गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊ लागतात. इकडे महाराष्ट्रातही शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल खेळलेली एखादी व्यक्ती पुढे गोल्फकडे वळते, तेव्हा तिला सुरुवातीलाच दोन परस्परविरोधी सल्ले मिळतात. एक जण सांगतो की, दोन्ही स्विंग मुळात एकच आहेत, फक्त चेंडू खाली ठेवला आहे. दुसरा बजावतो की, बेसबॉलच्या सवयीने गोल्फ बिघडतो. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण ते शरीराच्या वेगवेगळ्या भागांना लागू पडते. पायांपासून खांद्यांपर्यंतचे काम दोन्ही खेळांत जवळजवळ सारखे आहे. कोपरापासून पुढचे, म्हणजे मनगटे, पकड आणि हातातील साधन यांचे काम मात्र इतके वेगळे आहे की, ते स्वतंत्रपणेच शिकावे लागते. पुढील पायऱ्या याच विभागणीला धरून मांडल्या आहेत.

येथे सर्व वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी केले आहे. ‘पुढचा’ हात किंवा पाय म्हणजे चेंडू ज्या दिशेला जायचा आहे त्या बाजूचा, अर्थात डावा. ‘मागचा’ म्हणजे उजवा. डावखुऱ्या वाचकांनी बाजू उलट कराव्यात.

पहिली पायरी: चेंडू, साधन आणि वेळ यांचा फरक समजून घ्या

बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याचा परीघ सुमारे २३ सेंटिमीटर असतो. गोल्फच्या चेंडूचे वजन नियमाप्रमाणे ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही आणि त्याचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असू शकत नाही. व्यावसायिक बेसबॉलपटूची बॅट साधारण ३३ ते ३४ इंच लांब आणि सुमारे ९०० ग्रॅम वजनाची असते, तर गोल्फचा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब (गोल्फची काठी), जवळपास ४५ इंच लांब असूनही एकूण ३०० ग्रॅमच्या आसपासच भरतो आणि त्यातील सुमारे २०० ग्रॅम वजन एकट्या डोक्यात असते. बॅट जड आणि आखूड, क्लब हलका आणि लांब. म्हणून बॅटच्या टोकाला वेग आणायला शरीराचा जोर अधिक लागतो आणि क्लबच्या टोकाला ताब्यात ठेवायला हातांची शिस्त अधिक लागते. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये (बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत) बॅटचा सरासरी वेग ताशी ११५ किलोमीटरच्या आसपास मोजला जातो, तर पीजीए टूरवरील (पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेतील) खेळाडूंच्या ड्रायव्हरच्या डोक्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या पुढे असतो.

याहून महत्त्वाचा फरक वेळेचा आहे. बेसबॉलमध्ये पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) पट्टी होम प्लेटपासून (फलंदाजाजवळच्या पाटीपासून) १८.४४ मीटरवर असते आणि ताशी १५० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. बॅट पुढे निघाल्यापासून चेंडूला लागेपर्यंत साधारण ०.१५ सेकंद जातो, म्हणजे चेंडू पाहून मारायचे की सोडायचे, आणि मारायचे तर कोठे, हे ठरवायला सेकंदाचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. गोल्फमध्ये चेंडू जागेवर पडलेला असतो आणि सुरुवात कधी करायची हे खेळाडूच ठरवतो. त्यामुळे बेसबॉलचा स्विंग आखूड आणि ऐनवेळी बदलता येण्याजोगा असावा लागतो, तर गोल्फचा स्विंग लांब असला तरी चालतो, पण तो प्रत्येक वेळी तंतोतंत तसाच व्हावा लागतो.

या मोबदल्यात गोल्फ अचूकता मागतो. बेसबॉलच्या मैदानात दोन फाउल रेषांमध्ये (खेळाच्या हद्दीच्या रेषांमध्ये) ९० अंशांचा कोन असतो आणि त्यात कोठेही पडलेला चेंडू खेळात राहतो. गोल्फमध्ये २३० मीटर अंतरावरील ३० मीटर रुंदीचा फेअरवे (आखूड कापलेल्या गवताचा पट्टा) गाठायचा, तर खेळाडूच्या वाट्याला जेमतेम साडेसात अंश येतात. गोल्फपटू सॅम स्नीड आणि बेसबॉलपटू टेड विल्यम्स यांच्यात कोणाचा खेळ कठीण यावर वाद रंगला, तेव्हा स्नीड यांनी एवढेच सुनावले की, आम्हाला आमचे फाउल चेंडू शोधून खेळावे लागतात, असा एक किस्सा दोन्ही खेळांच्या वर्तुळात सांगितला जातो. किस्सा खरा असो वा रचलेला, मुद्दा बिनचूक आहे.

दुसरी पायरी: बाजू ठरवा आणि पकड नव्याने शिका

दोन्ही खेळांत पुढचा हात दांड्याच्या शेवटाकडे आणि मागचा हात त्याच्या पुढे असतो. क्रिकेटमध्येही हाच क्रम असल्यामुळे भारतीय वाचकाला येथे अडचण येऊ नये. एक खुलासा मात्र आवश्यक आहे. चेंडू उजव्या हाताने फेकणारी व्यक्ती फलंदाजी डावखुरी करू शकते. बेसबॉलपटू शोहेई ओहतानी उजव्या हाताने पिचिंग करतात आणि डाव्या बाजूने फलंदाजी करतात. गोल्फपटू फिल मिकेल्सन हे रोजच्या व्यवहारात उजव्या हाताचे असूनही गोल्फ डाव्या बाजूने खेळतात, कारण लहानपणी समोर उभ्या असलेल्या वडिलांचा स्विंग त्यांनी आरशात पाहावे तसा उचलला. तेव्हा लिहिण्याच्या हातावरून बाजू ठरवू नये. हातात काठी घेऊन दोन्ही बाजूंनी सैलपणे फिरवून पाहावी आणि जी बाजू सहज वाटेल ती कायम ठेवावी. तुम्ही क्रिकेटमध्ये डावखुरे खेळत असाल, तर बहुधा येथेही तीच बाजू बरोबर ठरेल.

बॅट धरताना दोन्ही हात एकमेकांना टेकलेले, पण स्वतंत्र असतात. बॅट तळव्यात खोल न रोवता बोटांच्या मुळाशी ठेवावी आणि दोन्ही हातांची मधली पेरे साधारण एका ओळीत आणावीत. असे केल्याने मनगटे मोकळी राहतात.

गोल्फमध्ये दोन्ही हात एकाच हातासारखे वागावेत, अशी अपेक्षा असते. त्यासाठी मागच्या हाताची करंगळी पुढच्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या खाचेवर ठेवतात. गोल्फपटू हॅरी वार्डन यांच्या नावाने ही पकड ओळखली जाते. दुसऱ्या प्रकारात करंगळी आणि तर्जनी एकमेकींत गुंफतात, जशी गोल्फपटू जॅक निक्लॉस आणि टायगर वुड्स यांची पकड आहे. तिसरा प्रकार दहाही बोटे दांड्यावर ठेवण्याचा असून त्याला बेसबॉल पकड असेच म्हणतात. लहान हातांच्या किंवा बोटांत ताकद कमी असलेल्या व्यक्तीने ती खुशाल वापरावी. बेसबॉल खेळून आलेल्या प्रौढाने मात्र सुरुवातीला ती टाळावी, असे माझे मत आहे, कारण ओळखीची पकड हातात आली की, मनगटे जुन्याच सवयीने चालू लागतात, आणि आपल्याला नेमके तेच नको असते.

पकडीचा जोर दोन्हीकडे बेताचाच हवा. मुठी घट्ट आवळल्या की, कोपरापर्यंतचे स्नायू ताठ होतात आणि टोकाचा वेग कमी होतो.

तिसरी पायरी: उभे राहणे

बेसबॉलमध्ये पाय खांद्यांपेक्षा थोडे अधिक फाकवून, गुडघे वाकवून आणि कमरेतून किंचित झुकून उभे राहावे. हात मागच्या खांद्याच्या उंचीजवळ असतात आणि डोके पिचरकडे वळवलेले असते, जेणेकरून दोन्ही डोळ्यांना चेंडू दिसेल.

गोल्फमध्ये झुकणे बरेच अधिक असते. पाठ सरळ ठेवून, नितंब मागे ढकलत, मांडीच्या सांध्यातून वाकावे; पाठीला बाक काढून किंवा गुडघ्यात बसून चेंडूपर्यंत पोहोचू नये. वाकल्यावर हात खांद्यांखाली नुसते लोंबू द्यावेत, आणि ते जेथे लोंबतील तेथेच क्लब धरावा. ड्रायव्हर मारताना टीवरचा (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरचा) चेंडू पुढच्या टाचेच्या रेषेत असावा, तर मधल्या आयर्नसाठी (मध्यम पल्ल्याच्या, धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबसाठी) तो पावलांच्या साधारण मध्यावर असावा.

स्विंगची पातळी या झुकण्यावरच अवलंबून असते. पाठीचा कणा जवळजवळ उभा असेल तर खांदे जमिनीला समांतर फिरतात, आणि कणा पुढे झुकलेला असेल तर खांदे तिरपे फिरतात. गोल्फचा तिरपेपणा हातांनी आणायचा नसतो; झुकलेल्या कण्याभोवती शरीर फिरवले की, तो आपोआप येतो. हे पटवून घेण्यासाठी एक जुना आणि उत्तम सराव आहे. सात नंबरचे आयर्न कमरेच्या उंचीवर आडवे धरा आणि बेसबॉलप्रमाणे सैल स्विंग करा. मग मांडीच्या सांध्यातून थोडे झुकून तोच स्विंग गुडघ्यांच्या उंचीवर करा. आणखी झुकून नडगीच्या उंचीवर करा, आणि शेवटी क्लबचे डोके गवताला घासेल इतके झुका. प्रत्येक वेळी बदललेली गोष्ट फक्त कण्याचा झुकाव असावी. हातांना वेगळी आज्ञा देऊ नये. खुद्द बेसबॉलमध्येही चेंडू गुडघ्याजवळ आला की, फलंदाज वरच्या शरीराने प्लेटकडे झुकतो आणि त्याची बॅट जवळपास गोल्फच्या क्लबासारखी तिरपी फिरते.

चौथी पायरी: मागे नेणे

बेसबॉलमध्ये मागे नेण्याची क्रिया लहान असते. वजन मागच्या मांडीच्या सांध्यात घ्यावे, हात थोडे मागे जाऊ द्यावेत आणि त्याच वेळी पुढचा पाय उचलून पिचरकडे छोटे पाऊल टाकावे. काही खेळाडू गुडघा उंच उचलतात, काही फक्त टाच उचलतात. नवशिक्याने टाच उचलण्यापासूनच सुरुवात करावी.

गोल्फमध्ये पावले जागची हलत नाहीत, पण शरीराचे वळणे मोठे असते. चांगल्या खेळाडूचे खांदे सुमारे ९० अंश, तर कंबर सुमारे ४५ अंश वळते. लवचिकता कमी असल्यास पुढची टाच थोडी उचलली तरी चालते. मागे नेण्याचा काळ खाली आणण्याच्या काळाच्या साधारण तिप्पट असतो, म्हणून घाई करू नये. बेसबॉलहून आलेला खेळाडू हमखास येथे चुकतो: पिचर समोर नसतानाही तो पिचर असल्यासारखा झटक्याने क्लब मागे खेचतो.

पाचवी पायरी: जमिनीपासून वर, या क्रमाने वेग द्या

दोन्ही स्विंगांचे खरे नाते येथे आहे. आधी वजन पुढच्या पायावर येते, मग कंबर वळते, त्यामागून छाती, त्यामागून हात आणि सर्वांत शेवटी बॅट किंवा क्लब. प्रत्येक भाग वेगात येऊन थोडा मंदावतो आणि आपला वेग पुढच्या भागाला देतो. आसुडाची मूठ थांबते तेव्हा त्याचे टोक कडाडते, तसाच हा प्रकार आहे. या क्रमात कंबर पुढे वळू लागलेली असताना खांदे आणि हात क्षणभर मागेच राहतात आणि त्यामुळे धडाच्या स्नायूंना ताण मिळतो. तो ताण नसेल, म्हणजे कंबर आणि खांदे एकदमच फिरत असतील, तर उरतो तो केवळ दंडांचा जोर, आणि तो फार पुरत नाही.

नवशिक्याला हा क्रम शिकवायला बेसबॉल अधिक सोयीचा आहे, कारण त्यात पाऊल प्रत्यक्ष टाकावे लागते. पाऊल जमिनीवर टेकले की कंबर सुटते, हे शरीराला आपोआप कळते. म्हणून गोल्फ शिकणाऱ्यांनीही पाऊल टाकून स्विंग करण्याचा सराव करावा: दोन्ही पाय जुळवून उभे राहा, क्लब मागे न्या, तो वर पोहोचण्याच्या किंचित आधी पुढचा पाय लक्ष्याकडे टाका आणि मग क्लब खाली आणा. सुरुवातीला चेंडू न ठेवता, नंतर टीवर चेंडू ठेवून अर्ध्या वेगाने हे करावे. वजन मागच्याच पायावर राहण्याची खोड मोडायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

पुढचा पाय वजन घेतल्यावर सरळ होत जातो आणि खांबासारखा अडसर धरतो; त्याच्याभोवती कंबर वळते. दोन्ही खेळांच्या छायाचित्रांत चेंडू लागतानाचा क्षण पाहिल्यास पुढचा गुडघा जवळजवळ ताठ आणि मागची टाच वर उचललेली दिसते. केवळ कमरेखालचा भाग दाखवला, तर ते छायाचित्र कोणत्या खेळाचे, हे ओळखणे अवघड जावे.

छाती आणि पुढचा दंड यांचा संबंध तुटू न देणे, हाही दोन्हीकडे समान धडा आहे, आणि त्याच्यामागे एक रंजक परंपरा आहे. सॅम बर्ड हे १९२९ ते १९३४ या काळात न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघात होते. सामन्याच्या उत्तरार्धात संघातील विख्यात फलंदाज बेब रूथ यांच्या जागी मैदानात उतरत असल्यामुळे त्यांना ‘बेब रूथचे पाय’ असे टोपणनाव मिळाले होते. बेसबॉल सोडल्यावर ते व्यावसायिक गोल्फपटू झाले, पीजीए टूरवर सहा स्पर्धा जिंकले आणि १९४५ च्या पीजीए चॅम्पियनशिपच्या अंतिम फेरीत बायरन नेल्सन यांच्याकडून पराभूत झाले. नेल्सन यांनी ओळीने अकरा स्पर्धा जिंकल्या त्या मालिकेतीलच ही एक. वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) आणि मास्टर्स (गोल्फची एक प्रमुख स्पर्धा) या दोन्हींत खेळलेला खेळाडू म्हणून बर्ड यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले प्रशिक्षक जिमी बॅलर्ड सांगत असत की, काखेत रुमाल धरून स्विंग करण्याची युक्ती बर्ड यांना रूथ यांच्याकडून मिळाली आणि त्यांनी ती गोल्फमध्ये आणली.

आपणही हा सराव करावा. पुढच्या हाताच्या काखेत हातरुमाल धरून अर्धा स्विंग करावा. चेंडू लागेपर्यंत रुमाल पडता कामा नये. तो आधीच पडला, तर हात छातीला सोडून एकटेच काम करत आहेत, असे समजावे. चेंडू गेल्यानंतर पडला, तर हरकत नाही.

सहावी पायरी: चेंडू लागण्याचा क्षण

आतापर्यंतचे साम्य येथे संपते. बॅटशी चेंडूचा संपर्क सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी काळ टिकतो, क्लबशी तर साधारण त्याच्या निम्मा. एवढ्या काळात काहीही दुरुस्त करता येत नाही. साधन ज्या दिशेने, ज्या कोनात आणि ज्या वेगाने आले असेल, तसाच निकाल लागतो.

बॅट गोल असते. तिला पुढची बाजू नसल्यामुळे ती स्वतःच्या अक्षाभोवती थोडी कमीजास्त फिरली, तरी फटक्यावर परिणाम होत नाही. चेंडू डावीकडे जाणार की उजवीकडे, हे मुख्यतः वेळेवर ठरते: बॅट लवकर आली तर चेंडू डावीकडे, उशिरा आली तर उजवीकडे. चेंडू वर जाणार की खाली, हे बॅट त्याच्या मध्याच्या वर लागली की खाली, यावर ठरते. म्हणजे हवेत लांब फटका मारायचा असेल, तर फलंदाजाला चेंडूच्या मध्याच्या किंचित खाली बॅट आणावी लागते. शिवाय पिचरने उंचवट्यावरून टाकलेला चेंडू प्लेटजवळ येताना साधारण ५ ते १० अंशांनी खाली उतरत असतो. १९४१ मध्ये ०.४०६ ची सरासरी (दर हजार संधींत ४०६ यशस्वी फटके) राखणारे टेड विल्यम्स यांचे म्हणणे असे होते की, बॅट सपाट किंवा खाली न मारता तेवढीच किंचित वर चढती फिरवावी, म्हणजे ती चेंडूच्या मार्गात अधिक काळ राहते आणि वेळेची छोटी चूक पोटात घेते. आज मेजर लीगमध्ये चेंडूच्या उड्डाणाचा ८ ते ३२ अंशांचा पट्टा फायद्याचा मानला जातो.

क्लबाला मात्र सपाट फेस (चेंडूला लागणारी बाजू) असतो आणि तो कोणत्या दिशेला पाहत आहे, यावर चेंडूची सुरुवातीची दिशा तीन-चतुर्थांशाहून अधिक अवलंबून असते. फेस दोन अंश चुकला, तर २०० मीटरवर चेंडू ७ मीटर बाजूला पडतो, आणि फेसची दिशा व क्लबचा मार्ग यांतील फरकामुळे चेंडूला जे वळण मिळते ते निराळेच. बॅट धरणाऱ्याचे तळवे चेंडू लागताना साधारण एक वर आणि एक खाली असे असतात, आणि मनगटे त्यानंतरच उलटतात. हीच सवय क्लबावर आणली की, फेस उघडा (लक्ष्याच्या उजवीकडे पाहत) राहतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो, ज्याला स्लाइस म्हणतात. बेसबॉलहून आलेल्यांचा हा सर्वांत सामान्य दोष आहे. उपाय म्हणून पुढचा हात दांड्यावर थोडा मागच्या बाजूस वळवून धरावा, जेणेकरून वरून पाहिल्यास त्याच्या बोटांच्या दोन ते तीन गाठी दिसतील. क्लब खाली येताना पुढच्या मनगटावरचे घड्याळ चेंडू लागेपर्यंत लक्ष्याकडे वळत जावे, अशी कल्पना केली तरी बराच फरक पडतो.

उंचीचाही नियम येथे बदलतो. क्लबाच्या फेसला स्वतःचा तिरपेपणा असतो, ज्याला लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण ९ ते १२ अंश, तर सात नंबरच्या आयर्नचा ३० अंशांच्या आसपास असतो. चेंडू वर उचलण्याचे काम तो लॉफ्टच करतो, खेळाडूने करायचे नसते. जमिनीवरील चेंडू आयर्नने मारताना क्लब किंचित खाली उतरत असतानाच चेंडूला लागावा आणि गवताचा तुकडा चेंडूच्या पुढचा उडावा. पीजीए टूरवर सात नंबरच्या आयर्नचा हा उतार सरासरी चार अंशांच्या आसपास असतो. चेंडू खालून उचकटण्याचा बेसबॉलमधला प्रयत्न येथे केला, तर क्लब आधी जमिनीत घुसतो किंवा वर येताना चेंडूच्या डोक्याला लागतो आणि चेंडू सरपटत जातो.

ड्रायव्हर मात्र याला अपवाद आहे. चेंडू टीवर उंच आणि पुढच्या टाचेच्या रेषेत असल्यामुळे क्लब तळ गाठून वर चढू लागल्यावर चेंडूला लागू शकतो. पुरुष व्यावसायिकांची सरासरी तरीही किंचित खालीच असते. महिला व्यावसायिकांची सुमारे तीन अंश वर असते. ज्यांचा वेग कमी आहे, त्यांना वर चढता फटका अधिक अंतर देतो, म्हणून हौशी खेळाडूंनी येथे महिला व्यावसायिकांचे अनुकरण करणे शहाणपणाचे आहे. बेसबॉलपटूला ड्रायव्हर लवकर जमतो आणि आयर्न उशिरा जमते, याचे कारणही हेच.

वेगाच्या हिशेबाबद्दल एक टीप येथे देऊन ठेवतो. बेसबॉलच्या भौतिकशास्त्राचे अभ्यासक ॲलन नेथन यांचा एक सोपा ठोकताळा आहे: उत्तम बसलेल्या फटक्यात चेंडूचा वेग म्हणजे बॅटच्या वेगाची १.२ पट, अधिक पिचच्या वेगाचा एक-पंचमांश. बॅटचा वेग ताशी ११५ आणि पिचचा १४५ किलोमीटर असेल, तर चेंडू सुमारे १६७ किलोमीटर वेगाने निघतो. यावरून दिसते की, बहुतांश वेग फलंदाजाच्याच स्विंगचा असतो. त्यामुळे बॅटिंग टीवर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावर) चेंडू ठेवून केलेला सराव कुचकामी आहे, असे मानायचे कारण नाही. गोल्फमध्ये ड्रायव्हरने नेमका मधोमध घेतलेला चेंडू क्लबच्या वेगाच्या जवळपास दीडपट वेगाने निघतो. ताशी १४० किलोमीटरच्या स्विंगमधून सुमारे २१०.

सातवी पायरी: शेवट

चेंडू गेल्यावर दोन्ही हात पूर्ण लांब होतात, छाती लक्ष्याकडे वळते आणि मागचा पाय चवड्यावर येतो. गोल्फमध्ये या स्थितीत तीन सेकंद स्थिर उभे राहता आले पाहिजे. बेसबॉलमध्ये लगेच पहिल्या बेसकडे धावायचे असते, त्यामुळे तेथे शेवट देखणा असण्याची गरज नाही.

आठवी पायरी: उलट दिशेने जाणाऱ्यांसाठी

गोल्फकडून बेसबॉल किंवा सॉफ्टबॉलकडे जाणारे थोडे असले, तरी मुलांबरोबर उद्यानात खेळणाऱ्या पालकांना हे उपयोगी पडेल. पहिली खोड म्हणजे लांब बॅकस्विंग. खांदे ९० अंश वळवाल तर चेंडू मागच्या जाळीत गेलेला असेल. हात मागच्या खांद्यापाशी नेऊन तेथूनच निघावे. दुसरी खोड हात लवकर लांब करण्याची. क्लबाचा मोठा घेर गोल्फमध्ये फायद्याचा असतो, पण बॅटने तसा घेर घेतला की, ती उशिरा पोहोचते. म्हणून मागचे कोपर बरगडीजवळ ठेवून आधी बॅटची मूठ चेंडूकडे न्यावी आणि मग टोक सोडावे. तिसरी खोड नजर एका जागी खिळवण्याची. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असल्याने ती योग्य आहे. येथे नजर पिचरच्या हातापासून चेंडूबरोबर प्रवास करते आणि स्थिर राहते ते फक्त डोके.

शरीराच्या आतल्या बाजूचा चेंडू पुढच्या पायाच्या बराच पुढे, मधला त्याच्या थोडा पुढे आणि बाहेरचा जवळजवळ प्लेटवर येऊ देऊन मारावा लागतो. हे गोल्फमध्ये नसलेले कौशल्य आहे. ते शिकण्यासाठी बॅटिंग टी तीन वेगवेगळ्या जागी ठेवून सराव करावा आणि त्यानंतरच कोणाला तरी बाजूने हळू चेंडू टाकायला सांगावे. समोरून टाकलेला खरा चेंडू खेळताना हेल्मेट अनिवार्य समजावे. मुलांसाठी बॅट घेताना लिटल लीगमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या निकषाचा ‘यूएसए बेसबॉल’ हा शिक्का तिच्यावर आहे का, हे पाहून घ्यावे, अन्यथा नवी बॅट सामन्यात चालणार नाही.

नववी पायरी: सरावाची आखणी

दोन्ही खेळ एकाच हंगामात शिकायचे असतील, तर प्रत्येक सत्राची सुरुवात त्या खेळाच्या हातांच्या कामाने करावी आणि शरीराचे काम नंतर घ्यावे. रेंजवर गेल्यावर बेसबॉलपटूने थेट ड्रायव्हर काढू नये. आधी वेजने (आखूड फटक्यांसाठीच्या, जास्त लॉफ्टच्या क्लबने) कमरेच्या उंचीपर्यंतचे अर्धे स्विंग करावेत, चेंडू ज्या दिशेने निघतो तिच्यावरून फेस कोठे पाहत आहे ते तपासावे, मग सात नंबरच्या आयर्नने चेंडूच्या पुढचे गवत निघते का ते पाहावे, आणि शेवटच्या काही चेंडूंसाठी ड्रायव्हर हाती घ्यावा. चटईवर सराव करत असाल, तर गवताची खूण दिसत नाही. अशा वेळी चेंडूच्या मागे तळहाताएवढ्या अंतरावर एक टॉवेल आडवा ठेवावा आणि क्लब त्याला न लागता चेंडूला लागेल असा प्रयत्न करावा.

स्विंग करण्यापूर्वी चारही बाजूंना क्लब किंवा बॅट पूर्ण लांबवून कोणी आवाक्यात नाही याची खात्री करावी. बॅटने गोल्फचा चेंडू मारण्याचा उद्योग मुलांना करू देऊ नये. तो कल्पनेपेक्षा फार वेगाने आणि कोठेही जातो. कंबर व बरगड्यांच्या बाजूचे स्नायू दोन्ही खेळांत एकाच दिशेने पिळले जातात, त्यामुळे शेवटी काही सावकाश स्विंग उलट्या बाजूने करावेत.

प्रशिक्षक लावणार असाल, तर पहिल्याच भेटीत आपण आधी काय खेळलो आहोत हे सांगावे. बेसबॉल, सॉफ्टबॉल की क्रिकेट, हे कळल्यावर चांगला प्रशिक्षक आधी पकड आणि क्लबफेस पाहील, आणि तुमच्या पायांच्या व कमरेच्या कामाला उगाच हात लावणार नाही. तो पहिल्याच दिवशी तुमची पावले आणि कंबर यांची नव्याने जुळणी करू लागला, तर दोन चित्रफिती काढून मागाव्यात, एक समोरून आणि एक चेंडूच्या रेषेत मागून, आणि कोणता भाग खरोखर बदलायला हवा हे त्याच्याबरोबर बसून पाहावे.